तीस हजार अक्षरांवरचा पहारा

'नवा व्हेरियंट सापडला' अशी बातमी कोरोनाच्या काळात दर काही महिन्यांनी येत असे. ती ऐकून घरोघर एकच प्रश्न विचारला जाई: हा आता किती घातक? त्याआधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे. सापडला म्हणजे कुणाला सापडला? विषाणू डोळ्यांना दिसत नाही. एकाच वॉर्डात शेजारी खोकणाऱ्या दोन रुग्णांकडे पाहून कुणाचा विषाणू जुना आणि कुणाचा नवा हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. मग बदल झाला हे पहिल्यांदा कळते कुणाला?

बहुतेकांच्या मनात उत्तर म्हणून पांढरा कोट घातलेला, सूक्ष्मदर्शकात डोळे घातलेला शास्त्रज्ञ येतो. २०२१ नंतरच्या बऱ्याच शाखांच्या बाबतीत हे चित्र चुकीचे आहे. त्या पहिल्यांदा हेरणाऱ्यांत प्रयोगशाळेचे तोंडही न पाहिलेली माणसे होती. कुणी शिक्षक होते, कुणी भलत्याच व्यवसायातले. दिवसभराचे काम आटोपून ती संगणकासमोर बसत आणि विषाणूची अक्षरे वाचत. पगार नाही, पद नाही. हे प्रकरण त्यांच्याविषयी आहे. पण ती काय करत होती हे कळायला आधी ती अक्षरे म्हणजे काय ते पाहावे लागेल.

१. पोथी आणि पाठभेद

छपाई नव्हती तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुके. त्या नकलेवरून पुढची नक्कल झाली की ती चूक तशीच पुढे जाई आणि तिच्यात नव्या एकदोन चुकांची भर पडे. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती असेच पाठभेद साचल्यामुळे. या चुकांचा एक फायदाही असतो. दोन पोथ्यांत तीच विशिष्ट चूक त्याच ओळीत सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असणार हे ओळखता येते. सगळ्या पोथ्यांची वंशावळ त्यांच्या चुकांवरून मांडता येते.

कोरोना विषाणूची जनुकीय संहिता ही अशीच एक पोथी आहे, सुमारे तीस हजार अक्षरांची. नेमके सांगायचे तर संदर्भासाठी धरलेल्या पहिल्या प्रतीत २९,९०३ अक्षरे आहेत. लिपीत अक्षरे चारच: ए, सी, जी आणि टी. (विषाणूत टीच्या जागी यू असते, पण नोंदी करताना सगळे टीच लिहितात.) विषाणू आपल्या पेशीत शिरला की या पोथीच्या असंख्य नकला निघतात. नकला होताना चुका होतात. त्यातल्या बहुतेक निरुपयोगी असतात किंवा विषाणूलाच मारक ठरतात. काही टिकतात. साथीच्या पहिल्या वर्षात एका वंशशाखेत महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलत होती. हा वेग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली प्रत जगासमोर आली ११ जानेवारी २०२० रोजी. शांघायचे झांग योंगझेन यांच्या चमूने वाचलेली संहिता त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्याच दिवशी झांग यांची प्रयोगशाळा 'दुरुस्ती'साठी बंद करण्याचा आदेश निघाला. पण संहिता बाहेर पडली होती. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी जमा केलेल्या प्रतींची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली. एखाद्या रोगजंतूच्या इतक्या प्रती माणसाने यापूर्वी कधीच वाचल्या नव्हत्या. स्वयंसेवकांना कामाची जागा मिळाली ती इथे. वाचायला अमाप होते आणि वाचणारे थोडे.

२. एका अक्षराचा हिशेब

एक उदाहरण सोडवून पाहू. विषाणूच्या अंगावर जे काटे दिसतात ते स्पाइक नावाच्या प्रथिनाचे. ही प्रथिनाची माळ १,२७३ मण्यांची असते. प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि कोणता मणी ओवायचा हे पोथीतली लागोपाठची तीन अक्षरे ठरवतात.

स्पाइकचा मजकूर २१,५६३ व्या अक्षरापासून सुरू होतो. ६१४ वा मणी कुठे येईल? त्याच्या आधी ६१३ मणी, म्हणजे ६१३ गुणिले ३ बरोबर १,८३९ अक्षरे. म्हणून त्याची तीन अक्षरे २३,४०२ पासून २३,४०४ पर्यंत. मूळ प्रतीत तिथे जी-ए-टी असे आहे. २०२० च्या सुरुवातीला काही प्रतींत मधला ए जाऊन जी आला आणि जी-जी-टी झाले. तेवढ्याने ६१४ व्या जागचे 'डी' हे आम्ल जाऊन 'जी' हे आम्ल आले (ही आम्लांची एकाक्षरी नावे, पोथीतला जी वेगळा). म्हणून बदलाचे नाव डी६१४जी: आधी काय होते, कितव्या जागी, आता काय आहे. काही महिन्यांत जगभर हीच प्रत पसरली.

एवढे समजले की 'व्हेरियंट' या विषयातले निम्मे गूढ उकलते. पुढचे सगळे काम चिकाटीचे.

३. 'डबल म्युटंट' आणि महाराष्ट्र

भारतात विषाणूच्या संहिता वाचण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळांचा 'इन्साकॉग' हा संघ उभा राहिला. त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन संस्था होत्या. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र असलेल्यांचे प्रमाण वाढते आहे. ते १५ ते २० टक्के नमुन्यांत आढळले होते. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले आणि नाव चिकटले.

नाव वाईट होते. या शाखेत दोनच बदल नव्हते, बरेच अधिक होते. शिवाय या शाखेला, तिचे नाव बी.१.६१७, लगेच फाटे फुटले आणि ज्या फाट्याने एप्रिल-मे महिन्यांत देशभर हाहाकार उडवला त्या बी.१.६१७.२ मध्ये, म्हणजे पुढे 'डेल्टा' म्हणून ओळखल्या गेलेल्या शाखेत, गाजलेल्या जोडीतला ई४८४क्यू नव्हताच. लोक जोडीची धास्ती घेऊन बसले आणि खरा धोका जोडीतल्या एकालाच बरोबर घेऊन आला. एकदोन ठळक पाठभेदांवरून निष्कर्ष काढू नये, पूर्ण पोथी वाचावी, हे या घटनेने चांगलेच दाखवून दिले.

त्याच दिवसांत भारतात स्वयंसेवकांचे एक वेगळे काम चालू होते. 'कोविड१९इंडिया' या नावाने एकत्र आलेले तरुण मार्च २०२० पासून राज्याराज्यांची रुग्णसंख्या रोज गोळा करून मांडत होते. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी काम थांबवले. ते माणसे मोजत होते. आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते अक्षरे मोजणारे.

४. नाव कोण देतो?

डेल्टा, ओमिक्रॉन ही ग्रीक नावे जागतिक आरोग्य संघटनेची. ती मोजक्याच शाखांना मिळाली. त्यांच्याखालच्या शेकडो फांद्यांना बीए.२.७५, एक्सबीबी.१.५, जेएन.१ अशी जी नावे आहेत ती 'पँगो' या पद्धतीची. ही पद्धत काही संशोधकांनी २०२० मध्ये सुचवली. तिच्या नियमांप्रमाणे नाव फार लांबले की त्याला नवे आखूड नाव देतात. बी.१.१.५२९ चे, म्हणजे ओमिक्रॉनचे, बीए झाले ते असे. एक्सने सुरू होणारी नावे दोन शाखांच्या संकरातून जन्मलेल्यांसाठी राखलेली.

या पद्धतीची खरी गंमत तिच्या दारात आहे. नव्या शाखेचा प्रस्ताव कुणीही मांडू शकतो. पदवी विचारत नाहीत. पुरावा मात्र विचारतात: समान बदल कोणते? अशा प्रती किती? त्या एकाच मुळापासून आल्या आहेत हे वंशावळीत दिसते का? एकाच गावातल्या आहेत की पसरल्या आहेत? प्रस्ताव सगळ्यांसमोर उघडा राहतो, त्यावर इतर जण शंका काढतात आणि शेवटी संशोधकांची छोटी समिती नाव देते किंवा नाकारते.

२०२२ पासून अशा प्रस्तावांचा मोठा वाटा स्वयंसेवकांकडून येऊ लागला. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठातल्या संशोधकाला शोधनिबंध लिहायचा असतो, अनुदानाचा अर्ज करायचा असतो, विद्यार्थी सांभाळायचे असतात. रोज उठून हजारो प्रती चाळण्याबद्दल त्याला कुणी बढती देत नाही. हौसेने बसलेल्या माणसाला बढतीची चिंताच नव्हती. वंशावळीत नवी प्रत कुठे बसते हे दाखवणारी फुकट साधने उपलब्ध होती, आणि सरावाने या माणसांना कोणता बदल नेहमीचा व कोणता विचित्र हे पाहताक्षणी कळू लागले.

५. पहिला संशय स्वतःच्या प्रतीवर

चांगला वाचक आणि घाबरवणारा वाचक यांत फरक एका सवयीचा. काही विचित्र दिसले की चांगला वाचक आधी विचारतो: ही विषाणूची चूक आहे की प्रयोगशाळेची?

जानेवारी २०२२ मध्ये सायप्रसमधून बातमी आली की डेल्टा आणि ओमिक्रॉन यांचा संकर सापडला. 'डेल्टाक्रॉन' हे नाव एका दिवसात जगभर झाले. संहिता उपलब्ध होताच जाणकारांनी त्या वंशावळीत बसवून पाहिल्या. खरा संकर असता तर सगळ्या प्रती एकाच फांदीवर शेजारी शेजारी बसल्या असत्या, कारण त्यांचा पूर्वज एक असता. या प्रती डेल्टाच्या निरनिराळ्या फांद्यांवर विखुरल्या, आणि ओमिक्रॉनसारखे बदल मात्र सगळ्यांत त्याच एका तुकड्यात होते.

असे का होते? संहिता वाचण्यापूर्वी ती तुकड्यातुकड्याने वाढवून घेतात. डेल्टाच्या बाबतीत काही तुकडे नीट वाढत नसत. त्याच खोलीत ओमिक्रॉनचे नमुने हाताळले जात असतील आणि त्याचा कण जरी मिसळला, तर रिकाम्या तुकड्यात तोच वाढतो. वाचणाऱ्याला वाटते, संकर. सायप्रसच्या संशोधकांना हा आक्षेप मान्य नव्हता, पण बहुतेक तज्ज्ञांनी तो मिश्रणाचा दोष मानला. पुढे काही आठवड्यांत डेल्टा-ओमिक्रॉनचे अस्सल संकर फ्रान्समध्ये सापडले. ते एका फांदीवर बसत होते. फार पसरले नाहीत.

६. हिस्सा वाढला म्हणजे काय वाढले?

आता थोडे अंकगणित. समजा एका शहरात या आठवड्यात १,००० रुग्ण आहेत आणि नव्या शाखेचा हिस्सा २ टक्के आहे, म्हणजे २० रुग्ण. पुढच्या आठवड्यात हिस्सा ४ टक्के झाला. मथळा येईल: दुप्पट! पण एकूण रुग्ण ५०० वर उतरले असतील तर ४ टक्के म्हणजे पुन्हा २० च. नवी शाखा जागच्या जागी आहे, जुनी ओसरते आहे. आज ना उद्या नवी पुढे येईल हे खरे. लाट येईलच असे नाही.

२०२२ च्या मध्यात भारतातल्या प्रतींत बीए.२.७५ दिसली. स्पाइकमध्ये एकदम बरेच नवे बदल घेऊन आल्यामुळे स्वयंसेवकांचे लक्ष तिच्याकडे लगेच गेले. समाजमाध्यमावर कुणीतरी तिला 'सेंटॉरस' असे नाव ठेवले आणि त्या भारदस्त नावाने परदेशी वर्तमानपत्रांनी धास्ती वाढवली. भारतात ती पुढे आली, पण डेल्टासारखे काही घडले नाही. जगात बहुतेक ठिकाणी ओमिक्रॉनच्याच बीए.५ या दुसऱ्या फांदीचे राज्य राहिले.

म्हणजे इशारा फुकट गेला? तसे म्हणणाऱ्यांनी जरा थांबायला हवे होते. बीए.२.७५ ची एक नात आणि बीए.२ ची दुसरी एक वंशज अशा दोघी कुणा एकाच माणसाच्या शरीरात एकत्र आल्या आणि त्यांच्या संकरातून एक्सबीबी जन्मली. एक्सबीबी आणि तिची पिल्ले २०२२ च्या अखेरीपासून पुढे बराच काळ भारतात आणि जगात वरचढ राहिली. शाखेवर लक्ष ठेवायचे ते तिच्या आजच्या प्रतापासाठीच नव्हे, तिच्या पोटी काय येईल यासाठीही.

७. शिक्षकाला दिसलेली खूण

या सगळ्या कामाचा कस लागला तो एका वेगळ्याच प्रकरणात. अमेरिकेतले एक शाळाशिक्षक फावल्या वेळात संहिता चाळत असत. २०२२ मध्ये त्यांना काही प्रती खटकल्या. महिन्याला दोन अक्षरे हा वेग वर सांगितला. या प्रतींत मात्र जवळच्या नातलगाच्या मानाने एकदम दहा-दहा, वीस-वीस अक्षरे बदललेली होती. अशी उडी इतर कारणांनीही दिसते. एखाद्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर विषाणू त्याच्या शरीरात महिनोन्महिने मुक्काम करतो आणि बदल साठत जातात. पण इथे बदलांची जातच निराळी होती.

कोरोना विषाणूत नेहमी दिसणारी चूक म्हणजे सी जाऊन टी येणे. जी जाऊन ए येणे त्या मानाने कमी. समजा एखाद्या प्रतीत वीस बदल आहेत, तर त्यात जी-ते-ए असे दोनतीन असावेत. या प्रतींत त्यांची गर्दी होती. हातचुका करणारा नकलाकारच बदलला असावा तसे.

आणि असा नकलाकार माहीत होता. मोलनुपिरावीर हे कोरोनावरचे गोळ्यांचे औषध मुद्दाम चुका घडवण्यासाठीच बनवलेले आहे. शरीरात त्याचे रूपांतर एका दोनतोंडी अक्षरात होते. विषाणूची नक्कल होताना ते सीच्या जागी जाऊन बसते आणि पुढच्या नकलेच्या वेळी कधी सी म्हणून वाचले जाते, कधी यू म्हणून. परिणाम: जीच्या जागी ए आणि सीच्या जागी टी यांचा सुकाळ. चुका इतक्या व्हाव्यात की पोथी अर्थहीन होऊन विषाणू संपावा, हा औषधामागचा विचार. प्रश्न असा की चुका झाल्या पण विषाणू मेला नाही, तर? आणि तो दुसऱ्या माणसाकडे गेला, तर?

शिक्षकाचा संशय प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतले थियो सँडरसन आणि इतर संशोधकांनी त्यांच्यासह दीड कोटीहून अधिक संहिता पद्धतशीर तपासल्या. जे दिसले ते एकमेकांना दुजोरा देणारे होते. ही खूण २०२२ पूर्वी जवळजवळ नव्हती, आणि औषधाचा वापर सुरू झाला होता २०२१ च्या अखेरीस. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटन अशा औषध वापरणाऱ्या देशांत ती होती. कॅनडा, फ्रान्स अशा मंजुरी न दिलेल्या देशांत क्वचित. खूण असलेल्या प्रती वृद्ध रुग्णांकडे झुकलेल्या होत्या, कारण औषध मुख्यतः त्यांनाच दिले जाई. इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष उपचारांच्या नोंदींशी ताडून पाहता अशा प्रतींपैकी निदान ३० टक्के रुग्णांना हे औषध दिल्याची नोंद सापडली. शिवाय काही ठिकाणी तीच खूण असलेल्या प्रती एकाहून अधिक माणसांत होत्या: बदललेला विषाणू पुढे गेला होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये हा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला. लेखकांच्या यादीत त्या शिक्षकांचे नाव दुसरे आहे. मला यादीतला हा क्रम त्यांच्यावर लिहिलेल्या कौतुकाच्या लेखांपेक्षा मोलाचा वाटतो.

निबंधात काय नाही तेही पाहायला हवे. या औषधामुळे एखादी अधिक घातक शाखा जन्मून जगभर पसरली, असे त्यात म्हटलेले नाही. तसा पुरावा मिळाला नाही. शिक्षकाचे डोळे तीक्ष्ण होते म्हणून संशय आला, पण उपचारांच्या नोंदी त्यांच्या हाती नव्हत्या आणि असू नयेत. रुग्णांची गोपनीयता सांभाळून त्या ताडून पाहायला संस्थाच लागते. स्वयंसेवक विरुद्ध शास्त्रज्ञ असा सामना रंगवणाऱ्यांना ही गोष्ट सोयीची नाही.

भारतात या औषधाला २८ डिसेंबर २०२१ रोजी आणीबाणीच्या वापरासाठी मंजुरी मिळाली आणि अनेक कंपन्यांनी ते बाजारात आणले. पण काही दिवसांतच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रमुखांनी सुरक्षिततेबद्दल शंका मांडल्या आणि राष्ट्रीय उपचारपद्धतीत ते घेतले गेले नाही. युरोपीय औषध नियामकांच्या समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी नाकारण्याची शिफारस केली. त्यामागे मुख्य कारण परिणामकारकता पुरेशी सिद्ध न होणे हे होते.

८. प्रती आटल्यावर

२०२३ नंतर चाचण्या कमी झाल्या आणि संहिता वाचणेही. वाचक आहेत, पोथ्या येत नाहीत. म्हणून लक्ष सांडपाण्याकडे वळले. बाधित माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे तुकडे गटारात येतात, त्यासाठी कुणाला चाचणी करून घ्यावी लागत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सांडपाण्यातून ओमिक्रॉनचा मागोवा घेतला होता. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात २०२२ मध्ये सांडपाण्यात एक अनोळखी, खूप बदललेली शाखा दिसली. संशोधक वाहिनीवाहिनीने मागे जात एका कंपनीच्या स्वच्छतागृहांपर्यंत पोहोचले. तिथल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने नाकातले नमुने दिले. एकही बाधित निघाला नाही. बहुधा कुणा एकाच्या आतड्यात तो विषाणू दीर्घकाळ मुक्कामाला होता. तो माणूस कोण, हे उघड झाले नाही आणि ते योग्यच झाले.

सांडपाण्याची अडचण अशी की त्यात शेकडो माणसांच्या पोथ्यांची फाटलेली पाने एकत्र असतात. कोणते पान कोणत्या पोथीचे हे जुळवावे लागते, आणि पूर्ण प्रत क्वचितच तयार होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या एका नमुन्यात बीए.३ ची वंशज असलेली शाखा सापडली. बीए.३ स्वतः २०२२ च्या सुरुवातीलाच दिसेनाशी झाली होती. मधल्या काळातली एकही पायरी कुणाला दिसलेली नव्हती आणि स्पाइकमध्ये डझनावारी नवे बदल होते. तिला बीए.३.२ म्हणतात. स्वयंसेवकांनी तिची नोंद केली, पण पुढचे कित्येक महिने तिच्या मोजक्याच प्रती आल्या. नंतर २०२५ मध्ये ती इतर खंडांतही दिसू लागली. एखाद्या देशातून आठवड्याला हजार प्रती येत होत्या तेव्हा शंभरात दोन की चार हा हिशेब करता येई. आठवड्याला पाचच प्रती आल्या आणि त्यातली एक बीए.३.२ निघाली, तर हिस्सा वीस टक्के लिहायचा की काहीच लिहायचे नाही? जाणती मंडळी अशा वेळी टक्केवारी लिहीतच नाहीत. 'पाचांत एक' एवढेच लिहितात आणि नमुना कुठल्या रुग्णालयातून आला ते विचारतात.